थंड नूडल्सना पाणी नको, वारा हवा

परभणीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलाने व्हिडिओ बघून चिनी पद्धतीच्या थंड नूडल्सचा हट्ट धरला. त्यांनी हक्का नूडल्सचं पाकीट उकडलं, गार पाण्याखाली चांगलं धुतलं आणि तासभर फ्रिजमध्ये ठेवलं. बाहेर काढलं तर एकच गोळा. तो कसाबसा सोडवून वर तिळाचं वाटण, सोया सॉस आणि व्हिनेगर घातलं, तर सॉस ताटलीच्या तळाशी आणि नूडल्स वर कोरड्या ठणठणीत. शिवाय काळं व्हिनेगर आणि सिचुआन मिरी इथं कुठून आणायची, आणि हे शाळेच्या डब्यात देता येईल का, हेही त्यांनी विचारलंय.

ताई, तुमचं चुकलं ते दोन ठिकाणी: नळाखाली आणि फ्रिजमध्ये. बाकी सगळं जमण्यासारखं आहे.

मी अकरा वर्षं पुण्यात एका हॉटेलच्या चायनीज विभागात होतो. आता लातुरात माझी छोटी खानावळ आहे. थंड नूडल्स पहिल्यांदा केल्या तेव्हा मीही तुमच्यासारख्याच धुतल्या होत्या. आमचे वस्ताद कोलकात्याचे. त्यांनी चाळणी माझ्या हातातून काढून घेतली, नूडल्स मोठ्या परातीत पसरल्या आणि टेबलफॅन ओढून थेट त्यांच्यावर लावला. मला वाटलं, चेष्टा करतायत. चीनच्या सिचुआन प्रांतात या नूडल्स अशाच गार करतात, हे नंतर कळलं. उकडायच्या, निथळायच्या, तेल चोळायचं आणि पंख्याखाली उलथत राहायचं. पाण्याचा थेंबही नाही.

त्यांच्या भाषेत या पदार्थाला ल्यांगम्येन म्हणतात. ल्यांग म्हणजे गार. आपल्या मनात थंड म्हटलं की फ्रिज येतो, तिथं गफलत होते. हे गार म्हणजे माठातल्या पाण्याएवढं गार. शिजलेला स्टार्च फ्रिजच्या थंडाव्यात पुन्हा कडक होतो, म्हणून रात्रीचा भात सकाळी टणक लागतो. चार अंशांच्या आसपास हे कडक होणं सगळ्यांत जोरात चालतं आणि फ्रिजचा खण नेमका तेवढ्याच तापमानाला असतो. तासाभरात तुमच्या नूडल्स वातड झाल्या त्या यामुळे. गोळा झाला त्याचं कारण मात्र वेगळं: धुऊन झाल्यावर तेल न लावता त्या ओल्याच एकावर एक बसल्या.

आणि सॉस तळाशी का गेला? धुतलेल्या नूडलवर पाण्याचा पातळ थर राहतो. त्यावर तिळाचा तेलकट सॉस चिकटत नाही, घसरून खाली जातो. शिवाय ते पाणी सॉसमध्ये उतरून तो आणखी पातळ करतं. कोरड्या, किंचित तेल लावलेल्या नूडलला तोच सॉस कसा धरून बसतो ते एकदा करून बघा.

धुण्याबद्दल अजून एक. उकडलेला पदार्थ ज्या पाण्यात धुतो ते पाणी आपण खातो, हे लक्षात राहत नाही. उन्हाळ्यात आपल्याकडे टँकरचं पाणी टाकीत पडून असतं. मांजरा धरण कोरडं पडलं आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं. त्या दिवसांत चाळणीवर नळ सोडून नूडल्स धुणाऱ्याला घरात कोणी उभं केलं नसतं. तेव्हापासून मी या पद्धतीला पक्का चिकटलोय. खरं तर ही पद्धत आपल्या हवेसाठीच केलीय की काय, असं वाटतं. सिचुआनमधल्या चेंगडू शहराची हवा दमट, तर आपला मे महिना कोरडा ठक्क. कोरड्या हवेत नूडलवरची ओल चटकन उडते आणि उडताना उष्णता घेऊन जाते. माठ ज्या कारणाने गार होतो तेच कारण. बाहेर बेचाळीस अंश असले तरी पंख्याखालच्या नूडल्स पाच-सात मिनिटांत हाताला गार लागतात. पावसाळ्यात त्याच कामाला दुप्पट वेळ जातो. कूलर मात्र लावू नका, त्याची हवा ओली असते.

आता कृती. चार जणांसाठी ३०० ग्रॅम सुक्या नूडल्स घ्या. पाकीट बघून घ्या: तळलेल्या झटपट नूडल्स नकोत, वाफवून वाळवलेल्या हव्यात. आपल्या घरच्या शेवया वापरून बघू का, असं बरेच जण विचारतात. नको. त्या फार बारीक असतात. मिनिटभरात शिजतात आणि पंख्याखाली नेईपर्यंत त्यांची खीर होते, दूध न घालता.

अडीच-तीन लिटर पाणी खळखळ उकळू द्या. मीठ घालू नका, म्हणजे उरलेलं पाणी थालीपिठाच्या पिठात वापरता येतं. नूडल्स टाकल्यावर पहिलं मिनिटभर चिमट्याने किंवा काट्याने सतत हलवा, कारण त्या एकमेकींना चिकटतात त्या सुरुवातीलाच. पाकिटावर जेवढी मिनिटं लिहिलीत त्याच्या मिनिटभर आधी एक नूडल काढून दातांनी तोडा आणि तुटलेलं टोक उजेडात धरा. मधोमध केसाएवढा पांढरा ठिपका दिसला पाहिजे. दिसला की त्याच क्षणी गॅस बंद आणि नूडल्स चाळणीत. ठिपका नाहीसा होण्याची वाट पाहिलीत तर उशीर झाला. परातीत असताना आतली उष्णता त्याला शिजवते.

चाळणी जोरात झटका. मग परातीत पसरून पंखा लावा आणि पहिलं अर्धं मिनिट तेल न घालता नुसतंच उलथा. हे अर्धं मिनिट फार महत्त्वाचं. तेल आधीच घातलं तर ते पाण्यावर झाकण बसवतं, वाफ आत अडकते आणि नूडल्स चिकट राहतात. उलट फार वेळ कोरडं ठेवलं तर वरचा थर खडबडीत होतो. तेव्हा वाफेचे लोट थांबले, नूडल अजून चमकतेय पण पाणी दिसत नाही, अशा वेळी दीड मोठा चमचा तेल. दोन चिमट्यांनी किंवा स्वच्छ हातांनी उचलायचं, वरून सोडायचं, पुन्हा उचलायचं. हाताला गार लागेपर्यंत. माझ्या खानावळीतली मुलं याला ‘वारं घालणं’ म्हणतात, खळ्यावर ज्वारी उफणतात तसं.

तेल कुठलं? शेंगदाण्याचं रिफाइंड चालेल. घाण्याचं करडईचं तेल आपल्याकडे सहज मिळतं आणि नूडल्सना चोळायला मला तेच आवडतं. पण तेच तेल तिखट तेलासाठी कडकडीत तापवू नका. न गाळलेलं करडई तेल लवकर धुरावतं आणि कडवट होतं. तापवायला रिफाइंडच घ्या.

सॉसचा जीव तिळात आहे. चिनी पद्धतीत तीळ चांगले खरपूस भाजून वाटतात. बाजारात मिळणारी ताहिनी कमी भाजलेल्या, सोललेल्या तिळाची असते, ती फिकी पडते. तुमच्या घरी संक्रांतीचे तीळ उरलेच असतील. ६० ग्रॅम तीळ आणि ३० ग्रॅम शेंगदाणे वेगवेगळे, मंद आचेवर भाजा. तिळाचा रंग बिस्किटासारखा व्हायला हवा. तिळगुळासाठी भाजतो त्याच्या एक पाऊल पुढे, पण काळपट नको. पूर्ण गार करून मिक्सरमध्ये दोन मोठे चमचे तेल घालून वाटा. आधी भुरका होईल, मग गोळा, मग बाजूने तेल सुटून वाटण वाहू लागेल. मध्ये दोनदा थांबून भांड्याच्या कडा खरवडा. वाहू लागेपर्यंत थांबायचं नाही, आणि मिक्सर तापला तर पाच मिनिटं विसावा द्यायचा.

आता जिथं बहुतेक जण घाबरतात ती जागा. वाटण वाडग्यात काढून त्यात चमचाभर कोमट पाणी घातलं की ते पातळ व्हायच्या ऐवजी एकदम घट्ट होतं, सिमेंटसारखं. ‘बिघडलं’ म्हणून लोक इथं तेल ओततात. बिघडलेलं नसतं. थोडं पाणी तिळाच्या कणांना एकत्र ओढतं, म्हणून ते आवळतं. अजून एक चमचा घाला, घोटा. अजून एक. चौथ्या-पाचव्या चमच्याला ते अचानक सैल पडतं, रंग फिकट होतो आणि मलईसारखी धार पडते. त्या क्षणाला पाणी आणि तेल एकजीव झालेले असतात, मग ते तळाशी बसत नाहीत. तुम्ही कोरड्या वाटणावर थेट सोया सॉस आणि व्हिनेगर ओतलंत, म्हणून ते फुटलं. आधी पाण्याने मलई करा, आंबट-खारट नंतर.

या मलईत दोन मोठे चमचे सोया सॉस, दीड मोठा चमचा आंबट (काळं व्हिनेगर किंवा पुढे दिलेली त्याची घरगुती तोड), दोन छोटे चमचे किसलेला गूळ किंवा साखर. पाच-सहा लसूण पाकळ्या चिमूटभर मिठाबरोबर खलात ठेचून तीन चमचे पाण्यात कालवा आणि ते लसणाचं पाणी सॉसमध्ये ओता. लसूण दरवेळी ताजाच. तेलात कच्चा लसूण घालून बाटली ओट्यावर ठेवण्याची पद्धत दिसते, ती धोक्याची आहे: हवा न लागणाऱ्या तेलात लसणातले जंतू विष तयार करू शकतात आणि ते वासाने कळत नाही.

सोया सॉसवरून आठवलं. लातूरच्या आडतीत सोयाबीनचे ढीग लागतात, सगळं तेलगिरणीला जातं, आणि आपण सोया सॉसची छोटी बाटली लांबून आलेली विकत घेतो. असो. बाटली घेताना मागे ‘आंबवलेलं सोयाबीन, गहू’ असं लिहिलेली घ्या. नुसता रंग आणि मीठ असलेली पाणचट लागते.

काळ्या व्हिनेगरसाठी अडून बसू नका. चीनमधल्या चेनज्यांग शहराचं प्रसिद्ध व्हिनेगर चिकट तांदळाचं असतं, आणि शान्शी प्रांतातलं मुरवलेलं व्हिनेगर तर चक्क ज्वारीपासून करतात. आपण ज्वारीच्या मुलखातले असून आपल्याकडे ते नाही, एवढंच. घरगुती तोड अशी: एक मोठा चमचा सफरचंदाचं किंवा माल्ट व्हिनेगर, त्यात छोटा चमचा दाट चिंचेचा कोळ आणि चिमूटभर गूळ. दुकानातलं पांढरं व्हिनेगर एकटं वापरलं तर नुसतं नाकात जातं. काळ्याची खोली चिंच भरून काढते, वास नाही काढत, पण आपल्या जिभेला ते परकं वाटत नाही.

सिचुआन मिरी ही खरी मिरी नाहीच. जिभेला बधिर झिणझिण आणणारं ते एका काटेरी झाडाचं फळ आहे आणि आपल्या कोकणातलं तिरफळ त्याचं सख्खं चुलत भावंड. कोकणी माल ठेवणाऱ्या दुकानात तिरफळ मिळतं. फक्त टरफल घ्यायचं, आतलं काळं बी फेकायचं, ते दाताखाली रेतीसारखं येतं. चार जणांना सहा-सात टरफलं तव्यावर किंचित शेकून भरडली की पुरे. जास्त घातलंत तर पोरं ‘तोंड झोपलं’ म्हणून रडतील. ‘शेजवान’ लिहिलेल्या बाटलीतल्या लाल चटणीत ही झिणझिण शोधू नका.

तिखट तेल मात्र मन लावून करा, ते महिनाभर पुरतं. तिखटाची बारीक पूड नको, भरड हवी. निम्मी ब्याडगी रंगाला, निम्मी आपली नेहमीची तिखट मिरची, बिया थोड्या झटकून, मिक्सरला दोनदा फिरवलेली. अशी ३० ग्रॅम भरड स्टीलच्या खोलगट भांड्यात घ्या, वर चमचाभर तीळ. १५० मिली तेलात आल्याचे दोन काप, तमालपत्र, छोटा दालचिनीचा तुकडा, एक चक्रीफूल मंद आचेवर आलं तांबूस होईपर्यंत परता आणि सगळं काढून टाका. मग तेल तापवा. एक तीळ टाकून बघा: लगेच फुलून वर आला की आच बंद. तेल एकदम ओतायचं नाही, तीन हप्त्यांत. पहिला तिसरा हिस्सा कडकडीत असताना, वास त्यातून येतो. चमच्याने हलवून मिनिटभर थांबा, दुसरा हिस्सा घाला, रंग त्यात उतरतो. शेवटचा अजून गार झाल्यावर, तिखटपणासाठी. एकदमच ओतलं तर मिरची करपते, खोकल्याने घर डोक्यावर येतं आणि तेल काळं होतं. शेवटी अर्धा चमचा व्हिनेगर टाका, चुर्र आवाज होतो आणि वास उठतो. झाकून एक रात्र ठेवा. दुसऱ्या दिवशी ते पहिल्या दिवसापेक्षा कितीतरी चांगलं लागतं.

वरून काय? काकडी लांब बारीक चिरून, मोड आलेले मूग अर्धं मिनिट उकळत्या पाण्यातून काढून, कोथिंबीर, जाडसर दाण्याचा कूट. खाणाऱ्या घरात उकडलेल्या कोंबडीचे हाताने काढलेले रेषे किंवा पातळ आमलेटच्या पट्ट्या. काकडीला मीठ आधी लावू नका, पाणी सुटतं, आणि पाण्याचं काय होतं ते तुम्ही पाहिलंय. वाढायच्या वेळीच वाडग्यात तळाला सॉस, वर नूडल्स, मग भाज्या, सगळ्यांत शेवटी तिखट तेल. कालवायचं ज्याचं त्याने.

पाकिटातल्या नूडल्स आवडेनाशा झाल्या आणि घरीच करायच्या ठरवल्या तर एकच गुपित: पिवळट रंग आणि चावताना येणारी उसळी ही अंड्याची नसून खाराची असते. खाण्याचा सोडा ताटलीत पसरून ओव्हनमध्ये १२० अंशांवर तासभर भाजा. त्यातून वाफ आणि वायू निघून जातो आणि १०० ग्रॅमचे साधारण ६३ ग्रॅम उरतात. जो उरतो तो तीव्र खार, ओल्या हाताने धरू नका. ३०० ग्रॅम मैद्याला ३ ग्रॅम हा खार, ३ ग्रॅम मीठ, ११५ ते १२० मिली पाणी. कणीक इतकी घट्ट होते की वाटतं चुकलंच. झाकून तासभर ठेवा, मग मळा. कपडे धुण्याचा सोडा यात कधीही घालू नका, तो खाण्यासाठी शुद्ध केलेला नसतो.

आता तुम्ही न विचारलेलं, पण मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. थंड नूडल्सचा अजून एक प्रकार आहे, शान्शीच्या शेजारच्या शान्शीचा. हो, दोन वेगळे प्रांत, मराठीत लिहिताना एकच दिसतात. हा सीआन शहराकडचा. त्याला ल्यांगपी म्हणतात. मैद्याची कणीक मळून तासभर ठेवायची, मग पाण्यात बुडवून कपडे चोळावेत तशी चोळायची. पाणी दुधासारखं पांढरं होतं. पाच-सहा पाणी बदलून झाली की हातात रबरासारखा चिवट गोळा उरतो. पांढरं पाणी गाळून रात्रभर ठेवलं की खाली दाट साका बसतो. वरचं पाणी ओतून टाकायचं, साका ढवळून तेल लावलेल्या ताटलीत पातळ ओतायचा आणि ती ताटली उकळत्या पाण्यावर तरंगत ठेवून झाकायची. दोन-तीन मिनिटांत तो पारदर्शक होऊन फुगे धरतो. ताटली गार पाण्यावर ठेवली की चकती सोलून निघते. तिच्या पट्ट्या कापायच्या आणि वर हाच सॉस.

मी पहिल्यांदा घरी केलं तेव्हा आई ओट्याशी उभी होती. साका ताटलीत ओतताना तिने बघितलं आणि म्हणाली, ‘आरं, हा तर कुरडईचा चीक. सोऱ्या कुठंय?’ तिचं बरोबरच होतं. आपण गहू तीन दिवस भिजवून, वाटून, पिळून जो चीक काढतो तोच हा, फक्त पिठाच्या रस्त्याने काढलेला. आपल्याकडे चिवटपणा चोथ्याबरोबर निघून जातो आणि चोथा जनावरांपुढे पडतो. ते लोक तो चिवट गोळा वीस मिनिटं वाफवून, स्पंजासारखे तुकडे करून त्याच सॉसमध्ये घालतात, आणि खरं सांगायचं तर पट्ट्यांपेक्षा तेच तुकडे आधी संपतात. आपल्याकडे चीक तुपसाखरेबरोबर खातात. आईने अर्धा चीक तसाच खाल्ला, तिखट तेलाला हात लावला नाही. तेव्हा पुढच्या उन्हाळ्यात कुरडईचा घाट घालाल तेव्हा दोन वाट्या चीक बाजूला काढून ठेवा. फक्त तीन दिवस भिजलेल्या गव्हाचा चीक आंबूस असतो, सॉसमध्ये व्हिनेगर निम्मं करा.

डब्याचं. थंडीत द्या, सॉस वेगळ्या घट्ट झाकणाच्या डबीत, नूडल्स तेल लावून वेगळ्या, काकडी तिसरीकडे. मार्चनंतर देऊ नका. शिजलेल्या भात-नूडल्समध्ये असा एक जंतू वाढतो ज्याची बीजं उकळूनही मरत नाहीत, आणि आपल्या उन्हात तासाभराच्या वर असं अन्न बाहेर राहिलं की पोट बिघडायची शक्यता वाढते. डबा सकाळी सातला भरला जातो आणि मधली सुट्टी साडेदहाला होते. त्यापेक्षा मुलगा दुपारी घरी आला की परातीला पंखा त्यालाच लावू द्या, उलथायचं काम त्याच्याकडे सोपवा. सॉस सकाळीच करून फ्रिजमध्ये ठेवला तरी चालतो, लसणाचं पाणी तेवढं वाढताना घाला आणि सॉस घट्ट झाला असेल तर पुन्हा कोमट पाण्याचा एक चमचा.